फुकटच्या पार्सलचा हिशोब

माझं पहिलं फुकटचं पार्सल आलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. सांगलीतला पूर ओसरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. विश्रामबागेत आमच्या घराला पाणी लागलं नव्हतं, पण गावभागातल्या मावशीच्या घरातला चिखल उपसून माझे हात अजून सोलवटलेले होते. त्याच हातांनी मी खोकं उघडलं. आत तीस मिलिलीटरची सीरमची बाटली, जांभळ्या कागदाच्या बारीक कातरणाची गादी आणि माझं नाव छापलेलं एक कार्ड. बाटलीपेक्षा त्या कार्डाकडेच मी कितीतरी वेळ बघत बसले. आपलं नाव कुणीतरी छापून घेतलं, याचं एवढं अप्रूप वाटलं होतं.

सोशल मीडियावर नव्याने उतरणाऱ्या मुली मला विचारतात, ‘ताई, कंपन्या वस्तू कशा पाठवतात?’ म्हणून ते पार्सल कशामुळं आलं, ते आधी सांगते.

उटणं, लेप, त्वचेची निगा असे माझे रील असायचे. फॉलोअर २३००. एकाही रीलने दोन हजारांचा आकडा ओलांडला नव्हता. जुलैत कृष्णा चढायला लागली, तेव्हा सगळं गाव जातं तशी मीही आयर्विन पुलाकडे गेले. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतात. मी चौदा सेकंदांचा व्हिडिओ घेतला आणि टाकला. रात्रीत तीन लाख लोकांनी बघितला. आयुष्यात पहिल्यांदा फोन असा सारखा थरथरत होता.

चार दिवसांनी पाणी उतरू लागलं आणि माझे आकडेही उतरू लागले. मला ते सोसवेना. पहिला व्हिडिओ घेतला त्याच दिवशीचा दुसरा तुकडा माझ्याकडे होता. तारीख न घालता मी तो टाकला आणि वर लिहिलं, ‘सांगलीत पाणी’. तासाभरात एका बाईचा मेसेज आला. ती नोकरीसाठी बाहेरगावी, आई इकडे वरच्या मजल्यावर एकटी. ‘अजून वाढतंय का हो पाणी? आईचा फोन लागत नाहीये.’ मी तिला खरं काय ते लगेच कळवलं. पण व्हिडिओ काढला नाही. आकडा चढत होता म्हणून तो संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. त्या सहा तासांत आणखी किती जणांनी घाबरून घरी फोन लावले असतील, ते मला कधीच कळणार नाही. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतेय, कारण लक्ष वेधून घ्यायची चटक लागते तेव्हा माणूस बेइमान होतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. आपण फक्त ‘पोस्ट’ टाकतोय असंच वाटत राहतं.

सीरमवाल्या कंपनीने हेच तीन लाख बघितले होते. मेलमध्ये लिहिलं होतं, ‘तुमचा रीच आम्हाला आवडला.’ रीच म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते ते. पुराचं पाणी बघणाऱ्यांना माझ्या गालावरच्या सीरमशी काय देणंघेणं? पण समोर यादी घेऊन बसलेल्या माणसाला आकडा दिसतो, तो कुठून आला ते दिसत नाही. म्हणून नव्या मुलींना माझं पहिलं सांगणं असतं, की एका रीलचा फुगलेला आकडा कंपनीला दाखवू नका. गेल्या नव्वद दिवसांचे इनसाइट्स, म्हणजे ॲपच दाखवतं ते बघणाऱ्यांचे आकडे, काढा. बघणारे कुठल्या गावचे, कुठल्या वयाचे, किती जणांनी रील सेव्ह केला, किती जणांनी पुढे पाठवला, ते दाखवा. माझ्याकडे आज अकरा हजार फॉलोअर आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त सांगली, मिरज, कोल्हापूर आणि सातारा भागातले. इथल्या दुकानदाराला त्याचा उपयोग आहे. विकत घेतलेले पन्नास हजार परदेशी फॉलोअर त्याच्या काहीही कामाचे नाहीत, आणि कमेंट वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतात.

माझे बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या वेळी व्यापारी पोत्यातून हळकुंड काढतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि मग भाव बोलतो. ते मोडलेलं हळकुंड कुणी हिशोबात धरत नाही. पार्सल बघून बाबा एवढंच म्हणाले, “नमुना आलाय व्हय? मग पोतं कुठाय?” तेव्हा मला राग आला होता. पोतं म्हणजे मी, माझा वेळ आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं, हे कळायला मला वर्ष लागलं.

त्या सीरमचा हिशोब माझ्या वहीत आहे. छापील किंमत ६४९ रुपये. बदल्यात दोन रील आणि चार स्टोऱ्या. शूटिंग, एडिटिंग, कंपनीने दोनदा करायला लावलेले बदल आणि आलेल्या मेसेजना उत्तरं, सगळे मिळून अकरा तास. म्हणजे तासाला एकोणसाठ रुपये, तेही रोख नाही, सीरमच्या रूपात. या देवाणघेवाणीला या धंद्यात ‘बार्टर’ म्हणतात. सुरुवातीला बार्टर करायला माझी ना नाही, हात बसतो, दाखवायला काम तयार होतं. मात्र तास लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या बार्टरनंतर पैसे मागायची वेळ येते, तेव्हा काय मागायचं ते ही वहीच सांगते.

आता त्यातला सगळ्यात दुखरा भाग. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी तेव्हा बारावीला होती. तिने माझा रील बघून, माझाच कूपन कोड वापरून ते सीरम मागवलं. आठवड्यात तिचे दोन्ही गाल लाल झाले, वर बारीक पुरळ. डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. काकू भांडायला आल्या नाहीत. बाटली घेऊन आल्या, ओट्यावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, “तू किती दिवस लावलंस गं हे?”

मी तीन दिवस लावलं होतं. रीलमध्ये मी म्हणाले होते, ‘मला खूप फरक जाणवला.’

“आणि विकत घेतलंस ना?” त्यांनी विचारलं. मला मान वर करता येईना. काकूंना माझा राग आला नव्हता, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवशी मी दोन्ही रील काढले आणि कंपनीला कारण लिहून कळवलं. कंपनीचं उत्तर आलं नाही.

तेव्हापासून त्वचेला लावायची कुठलीही गोष्ट मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघते आणि तीस दिवस वापरल्याशिवाय तिच्याबद्दल बोलत नाही. कंपनीला एवढा दम नसेल, तर पार्सल घेत नाही. पाकिटावर बॅच नंबर, वापरायची मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक बघते. खायची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक.

फुकट आलेलं आहे हे सांगणं माझ्या मनावर नाही, तो नियम आहे, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘ॲस्की’ हिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ मध्येच लागू झाले होते, म्हणजे माझं पार्सल यायच्या दोन महिने आधी. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि एक ते तीन वर्षं जाहिरात करायला बंदीही येऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सोप्या भाषेतली पुस्तिका काढली. पैसे, फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, सूट, बक्षीस, यातलं काहीही मिळालं असेल तर ते बघणाऱ्याला सांगायचं, असं त्यात स्पष्ट आहे.

कसं सांगायचं, यातही मुली चुकतात. वीस हॅशटॅगच्या गर्दीत सतराव्या जागी इंग्रजी अक्षरं टाकायची, हे सांगणं झालं नाही. व्हिडिओ मराठीत असेल तर सूचनाही मराठीत हवी. मी पडद्यावर ठळक ‘जाहिरात’ लिहिते आणि तोंडानेही सांगते, ‘हे मला कंपनीने पाठवलंय.’ ॲस्कीच्या नियमात वेळही ठरलेली आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती पट्टी किमान तीन सेकंद दिसली पाहिजे, दोन मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश, आणि त्याहून मोठ्यात त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर सगळा वेळ. ‘असं लिहिलं की रीच पडतो ताई,’ हे मी शंभरदा ऐकलंय. माझा थोडा पडलाही. पण मेसेज वाढले, आणि ते विचारणाऱ्यांचे, खऱ्या गिऱ्हाइकांचे मेसेज आहेत.

करार हा शब्द मोठा वाटतो, पण एक साधा मेल पुरतो. मी चार ओळी लिहून घेते. किती रील, कधीपर्यंत, किती वेळा बदल, आणि माझा व्हिडिओ कंपनी कुठे व किती दिवस वापरणार. ही शेवटची ओळ सोडू नका. दुसऱ्या एका कंपनीच्या मेलमध्ये ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं होतं आणि मी न वाचताच ‘ओके’ लिहिलं. सात महिन्यांनी पुण्याहून मामेबहिणीचा फोन, “अगं, तुझी जाहिरात सारखी दिसतीय, बरे पैसे मिळत असतील!” मला मिळाला होता साबणांचा एक संच. कंपनी माझा चेहरा पैसे लावून फिरवत होती आणि मला बोलायला जागा उरली नव्हती. आता मी साठ दिवस लिहिते. पुढे वापरायचं असेल तर वेगळे पैसे.

फसवणुकीचं थोडक्यात सांगते. ‘तुमची निवड झाली आहे, फक्त कुरिअरचे १९९ भरा’, ‘एजन्सीत नाव नोंदवायची फी भरा’, असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. जाहिरातीचा तपशील म्हणून झिप फाइल आली तर उघडू नका, अशा फाइलमधून चॅनेलच्या चॅनेल चोरीला जातात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, आजच चालू करा. ओटीपी कुणालाही नाही. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

कराचं मात्र नीट ऐका, कारण आमच्या भागात हे कुणी सांगत नाही. जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात नियम आला, की एका आर्थिक वर्षात एखाद्या कंपनीकडून वीस हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू किंवा सवलती मिळाल्या, तर कंपनीने त्यावर दहा टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा कर, भरायचा. मोबाइल रिव्ह्यूसाठी आला आणि तुम्ही परत केला, तर तो लाभ धरत नाहीत. ठेवून घेतला तर धरतात. म्हणून मी वहीत तारीख, वस्तू, छापील किंमत, ‘ठेवली’ की ‘परत’, असं लिहिते आणि परत पाठवल्याची कुरिअरची पावती जपून ठेवते. रकाने बाबांनीच आखून दिलेत, आवक-जावक वहीसारखे. कमाई वाढली की सीएला एकदा भेटाच.

काही गोष्टी मी घेतच नाही. वजन उतरवणारी पावडर, गोरं करणारी क्रीम, मधुमेह घालवणारा काढा. माझ्याकडे त्यातलं शिक्षण नाही. आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्याकडे तशी पात्रता हवी, असं ॲस्कीने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पैसे लावून खेळायच्या ॲपवाल्यांनी मला एका रीलसाठी चाळीस हजार देऊ केले होते, माझ्या तेव्हाच्या चार महिन्यांच्या कमाईएवढे. माझ्या इनबॉक्समध्ये कॉलेजची पोरं असतात. मी नाही म्हणाले, आणि २०२५ च्या कायद्याने तर अशा खेळांच्या जाहिरातीवरच बंदी आली.

मग सुरुवात करायची कुठून? आपल्या गावातून. मोठ्या ब्रँडला पन्नास मेसेज टाकण्यापेक्षा मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांकडे जा, तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर जा, हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची त्यांची माहिती घ्या. भडंग बनवणाऱ्या बचत गटाला विचारा. आधी त्यांची वस्तू विकत घ्या, आवडली तर त्यावर प्रामाणिक रील करा आणि तो दाखवून काम मागा. मला पैसे देणारं पहिलं गिऱ्हाईक असंच मिळालं, गणपती पेठेतलं एक मसाल्याचं दुकान. दोन हजार रुपये, रोख, पावतीसह. दुकानदार काका म्हणाले, “तिखट झालं तर तिखट झालं म्हणूनच सांग हं. लोक दुकानात येऊन मला विचारतात.”

गेल्या महिन्यात जिन्यात खालच्या काकू भेटल्या. मुलगी आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या हातात नवं खोकं होतं, केसांच्या तेलाचं. काकू थांबल्या, खोक्याकडे बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “विकतचं की आलेलं?”

“आलेलं,” मी म्हणाले. “आजच आलंय. महिन्याने सांगते कसं आहे ते.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पिशवी सावरत खाली उतरल्या.