जुना फोम ठेवावा की टाकावा, हे कसे ठरवावे

सीटचे किंवा गादीचे कव्हर उसवले आणि आतला फोम पिवळा दिसला की बहुतेक जण तो लगेच टाकून देतात, आणि हा निर्णय अनेकदा चुकतो. पॉलियुरेथेन फोमचा रंग बदलतो तो मुख्यतः त्यातील आयसोसायनेटपासून (फोम बनवण्याच्या दोन मुख्य रसायनांपैकी एक) आलेल्या भागामुळे. ऊन आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड यांनी हा बदल लवकर होतो, पण तो बराचसा वरच्या थरापुरता राहतो. फोमचा जीव त्याच्या मऊ भागात, म्हणजे पॉलिओल या दुसऱ्या रसायनाच्या लांब रेणुसाखळ्यांत असतो, म्हणून तपासायची ती या साखळ्यांची अवस्था.

गाद्या-सीटांचा नेहमीचा फोम पॉलिइथर जातीचा असतो. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचा अणू असतो आणि त्याच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उष्णतेने सहज सुटतो. मोकळ्या झालेल्या त्या जागी हवेतील ऑक्सिजन चिकटतो, हायड्रोपेरॉक्साइड नावाचे अस्थिर संयुग तयार होते, ते फुटते, साखळी तुटते आणि फुटताना निर्माण झालेले क्रियाशील तुकडे पुढच्या साखळीवर हल्ला करतात. एकदा सुरू झालेली ही क्रिया स्वतःच स्वतःला वाढवते, म्हणूनच अनेक वर्षे ठीक राहिलेला फोम शेवटी फार झपाट्याने उतरतो. शिवाय बाजारात ३२ डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ३२ किलो वजनाचा) म्हणून मिळणाऱ्या फोमच्या आकारमानाचा सुमारे ९७ टक्के भाग हवाच असते, त्यामुळे ऑक्सिजनला आत शिरण्यासाठी वाट शोधावी लागत नाही.

तपासणीसाठी फोमच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातून काडेपेटीएवढे तुकडे कापावेत. प्रत्येक तुकडा काळ्या कापडावर अंगठ्याने घासून पाहावा आणि भुगा पडला किंवा बोटाला चिकटपणा जाणवला तर तो थर बाद समजावा. न झडलेला तुकडा दोन फळ्यांमध्ये निम्म्या जाडीपर्यंत दाबून रात्रभर ठेवावा, सकाळी सोडावा आणि अर्ध्या तासाने पट्टीने जाडी मोजावी. त्याच डेन्सिटीचा नवा तुकडाही सोबत दाबून ठेवला तर तुलना पक्की होते. जुना तुकडा नव्याच्या मानाने स्पष्टपणे बसका राहिला, तर तो फोम बसण्याच्या जागी पुन्हा वापरू नये. प्रयोगशाळेत हीच दाबचाचणी ७० अंश सेल्सिअसवर २२ तास करतात आणि कोरड्या उष्णतेच्या चाचणीत तुकडा १४० अंशांवर २२ तास ठेवून त्याची ताकद किती घटली ते मोजतात. घरच्या ओव्हनमध्ये मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

एका जुन्या मोपेडची सीट मी उघडली होती. तळाचा पत्रा गंजलेला होता आणि त्याला टेकलेला फोम तपकिरी, चिकट पीठ होऊन पत्र्यालाच बसला होता, तर त्याच्या दोन बोटे वरचा फोम दाबल्यावर चटकन उसळत होता. गंजातील लोह हायड्रोपेरॉक्साइड फुटण्याचा वेग वाढवते, म्हणून नवा फोम बसवण्यापूर्वी पत्रा घासून, रंगवून, मध्ये जाड कापड घालणे हे माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. नव्या गादीचा फोम कडेला पांढरा आणि गाभ्यात तपकिरी आढळला, तर दोष वापराचा नसतो. कारखान्यात मोठा ठोकळा तयार होताना रासायनिक क्रियेच्याच उष्णतेने त्याचा गाभा १५० अंशांपलीकडे जाऊ शकतो आणि तिथे फोम करपतो. अशी गादी दुकानदाराला परत करावी.

कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालचा माळा भट्टीसारखा तापतो. साधारणपणे दर १० अंशांना अशा क्रियांचा वेग दुप्पट होतो असे धरले, तर तिथे ठेवलेली जादा गादी किती लवकर म्हातारी होईल, याचा अंदाज येतो. ती खालच्या खोलीत, भिंतीपासून थोडी दूर, गडद सुती कापडात ठेवावी. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्याने फोमच्या आतली हवा जात नाही, उलट ओल मात्र अडकते. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी भिजलेली गादी घाण पाण्यामुळे टाकणेच बरे, पण स्वच्छ पावसाने भिजलेली गादी तापलेल्या गच्चीवर न घालता सावलीत, वाऱ्यावर उभी करून वाळवावी. पॉलिइथर फोम पाण्याला बराच टिकतो. पॉलिएस्टर जातीचा फोम, जो जुन्या स्पीकरच्या कडांना आढळतो, दमट हवेतच विरघळल्यासारखा झडतो आणि त्याला वाचवण्याचा उपाय नाही.

बाद फोम आणि कातरणे चिपाडासोबत गुऱ्हाळाच्या चुलवाणात टाकू नयेत, की शेकोटीतही जाळू नयेत. सुमारे २०० अंशांपुढे साखळीतील युरेथेनचे, म्हणजे आयसोसायनेट आणि पॉलिओल यांना जोडणारे, बंध सुटून आयसोसायनेटची वाफ बाहेर पडू लागते आणि जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. उसळी शिल्लक असलेली कातरणे गादीवाल्याकडे उशा भरायला द्यावीत, आणि भुगा झालेला फोम पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावा.