श्रावणातले पक्षी : तळोज्याच्या चिकन कारखान्यातील माझी पहिली दोन वर्षे

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी हातात घेऊन अन्नप्रक्रिया उद्योगात येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, पेट्री डिश आणि अहवालावरची आपली सही एवढेच असते. माझ्याही होते. ठाण्याहून लोकलने पनवेल आणि तिथून कंपनीच्या बसने तळोजा एमआयडीसी असा रोजचा प्रवास करत मी चिकनची गोठवलेली उत्पादने बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले, तेव्हा माल गेटवर उतरला की आपले काम सुरू होते आणि ट्रक बाहेर पडला की संपते, अशीच माझी समजूत होती. ती किती तोकडी होती हे कळायला एक श्रावण जावा लागला; या उद्योगात येऊ पाहणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी त्याची ही गोष्ट.

त्याआधीचा एक अनुभव सांगते, कारण त्याचा अर्थ मला उशिरा उमगला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधील फास्ट फूडच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला उभी राहत असे. एका आठवड्यात फ्राइज सारख्या काळपट निघू लागल्या. तेल जुने झाले, पोरांनी बास्केट वेळेवर उचलली नाही, अशी बोलणी आम्ही खाल्ली. प्रत्यक्षात दोष बहुधा बटाट्यातला होता. बटाटा २ ते ४ अंश सेल्सिअसला साठवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि ती साखर तळताना करपते. म्हणून फ्राइजचा बटाटा कोंब रोखण्याची प्रक्रिया करून १० ते १२ अंशांना ठेवावा लागतो. त्यासाठी जातीही वेगळ्या लागतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची कुफरी फ्रायसोना ही त्यांपैकी एक, आणि असा बटाटा उत्तर गुजरातेतले शेतकरी कंपन्यांशी करार करून पिकवतात. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातला बटाटा वड्याला उत्तम, फ्राइजला मात्र तो चालेलच असे नाही. दूर कुठल्यातरी शीतगृहातली चूक काउंटरवरच्या पोराच्या नावावर कशी जमा होते, हे तेव्हा माझ्यासमोर घडत होते आणि मला दिसत नव्हते.

आता कारखान्याकडे वळते. पक्षी रात्री येतात, कारण उन्हात प्रवास केला तर ते गाडीतच मरतात. हलाल पद्धतीने कापणी, गरम पाण्यात बुडवणे, पिसे काढणे, आतडी काढणे, ४ अंशांपर्यंत थंड करणे आणि मग डिबोनिंग, म्हणजे हाडे वेगळी करणे, असा क्रम असतो. त्यानंतरचे सगळे, म्हणजे बॅटर (पिठाचा लेप), ब्रेडिंग (त्यावर ब्रेडचा चुरा), फ्रायर, स्पायरल फ्रीझर (फिरत्या पट्ट्यावर माल गोठवणारे यंत्र), मेटल डिटेक्टर आणि उणे १८ अंशांचे कोल्ड स्टोअर, तुम्ही पुस्तकात वाचलेलेच असेल आणि ते बरेचसे यंत्रे करतात. डिबोनिंग मात्र आमच्याकडे हातांनी होत असे. सुमारे १० अंशांच्या हॉलमध्ये, ओल्या फरशीवर गमबूट घालून, एका हातात साखळीचा हातमोजा आणि दुसऱ्यात आखूड सुरी घेऊन बायका आठ तास एकच हालचाल करत असत. चहाच्या सुट्टीत त्या चहा लगेच पीत नसत. दोन्ही तळव्यांत ग्लास धरून, बोटांना जाग येईपर्यंत तशाच बसत. मला हे पहिल्यांदा दिसले तेव्हा चहा फार गरम असेल असे वाटले होते.

त्या वर्षी गणपतीनंतर एका साखळी-उपाहारगृहाकडून तक्रार आली की बोनलेस तुकड्यात हाडाची कपची सापडली. लॉट, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा गट, शोधला, टेबल सापडले, तपास अहवालाचा मसुदा माझ्याकडे आला आणि कारणाच्या रकान्यात वरिष्ठांनी आधीच लिहून ठेवले होते : ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. दोन बायकांचा एकेक दिवसाचा पगार ठेकेदाराने कापलाही होता. मी नवी होते, सही करून मोकळी झाले असते. पण आवक नोंदवही चाळताना त्या लॉटचे सरासरी वजन डोळ्यांत भरले. आमची लाइन सुमारे दोन किलोच्या पक्ष्यासाठी बसवलेली, आणि हे पक्षी पावणेतीन किलोपर्यंत गेलेले. मोठ्या पक्ष्याचे हाड जाड असते, सुरीचा नेहमीचा घाव तिथे बसत नाही, यंत्रावरच पंख आणि फासळ्या मोडतात. शिवाय त्या टेबलावर नेहमीच्या अकराऐवजी सात जणी होत्या, कारण बाकीच्या गणपतीला गावी गेल्या होत्या, आणि तासाला किती पक्षी हा आकडा कोणी कमी केला नव्हता.

पक्षी एवढे वाढले कसे, हे विचारायला मी खरेदी विभागाच्या गाडीतून मुरबाडकडच्या एका शेडवर गेले. पाच हजार पक्ष्यांची शेड, खाली भाताचे तूस, भिंतीला लटकवलेले बॅच कार्ड. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. आणि त्याला किलोमागे पालन-शुल्क मिळते. एरवी चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी उचलले जातात. श्रावणात दुकानांतली मागणी पडते, त्यामुळे कंपनीची गाडी दहा दिवस आलीच नव्हती. पक्षी खात राहिले. वय वाढले की तेवढ्याच वजनवाढीला जास्त खाद्य लागते, म्हणजे खाद्य आणि वजन यांचे गुणोत्तर, ज्याला तिथे सगळे ‘एफसीआर’ म्हणतात, बिघडते. दाटी झाल्याने मरतूकही वाढते. आणि शुल्क या दोन्हींवर ठरत असल्याने नुकसान शेतकऱ्याचे होते. “गाडी तुमची, उशीर तुमचा, आणि कट मात्र माझ्या बिलात,” असे ते काका शांतपणे म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणजे मंदीचा भार आधी मुरबाडच्या शेडवर पडला, तिथून तळोज्याच्या टेबलावर आला, आणि गणपतीनंतर मागणी उसळून दुकानांत चिकनच्या ऑफर लागल्या तेव्हा त्याची नोंद दोन बायकांच्या हजेरीपत्रकावर झाली. शेतकरी, कामगार आणि दुकानदार या तिघांची कधी भेट होत नाही. त्यांना जोडणारा एकच कागद असतो, लॉट क्रमांकाचा, आणि तो गुणवत्ता विभागाच्या हातात असतो. नवख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हे आपल्याकडचेच दुखणे आहे असेही नाही. अमेरिकेत शिकागोच्या मांस-कारखान्यांतील कामगारांचे हाल छापून आल्यावर जो गदारोळ झाला, त्यातून १९०६ साली मांस तपासणीचा कायदा झाला; मांस तपासले जाऊ लागले, कामगारांचे हाल तसेच राहिले. आपला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, आणि तोही अन्नाविषयी बोलतो. कामगारांसाठी वेगळे कायदे आहेत, पण ते तुमच्या अभ्यासक्रमात नसतात, म्हणून निदान एवढे माहीत असू द्या : जादा वेळेला दुप्पट दर द्यावा लागतो, आणि मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत (ईएसआय) यायला हवा, मग तो ठेकेदाराचा का असेना. तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या माथाडीमागे १९६९ चा कायदा आणि मंडळ आहे. आमच्या टेबलावरच्या बाईमागे ठेकेदाराची वही होती. मनगट सुजले तर वाशीच्या विमा रुग्णालयात जाता येते, हे तिला आमच्यापैकी कोणी सांगितले नव्हते, आणि कार्ड मागितल्यावर ठेकेदार ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत असे.

तुम्ही प्रशिक्षणार्थी म्हणून जाल तेव्हा पहिले पंधरा दिवस प्रयोगशाळेत बसू नका. परवानगी मिळाली तर एक पाळी डिबोनिंगवर उभे राहा. माझी बोटे चाळीस मिनिटांत बधिर झाली होती. आवक नोंदवहीत वजनाबरोबर पक्ष्याचे वय पाहा आणि टेबलावर त्या दिवशी किती हात होते ते विचारा. मुलाखतीत कोणी एचएसीसीपीचे, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याच्या पद्धतीचे, टप्पे विचारेल, ते पाठ असू द्यातच, पण त्यातला धोका नेहमी जंतूंच्याच रूपात येतो असे समजू नका. आणि कारणाचा रकाना आधीच भरलेला कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी एक दिवस मागून घ्या. बहुतेक वेळा तो मिळतो.

मला मिळाला. अहवालात मी वजन, वय आणि टेबलावरची संख्या लिहिली. वरिष्ठ नाराज झाले, पण ग्राहकाच्या ऑडिटरला ते पटले आणि आवक नोंदवहीत वयाचा रकाना कायमचा आला. कापलेला पगार दिवाळीच्या पगारात एकीला मिळाला. दुसरी तोवर काम सोडून गेली होती.