सुनावणीला जाण्याआधी : सोलापुरातील फुटबॉल मैदानासाठी करावयाची तयारी

आपल्या क्लबला स्वतःचे मैदान हवे, याबद्दल समर्थकांमध्ये दुमत नाही. वाद आहे तो परवानगीच्या वाटेवरील अडथळ्यांचा. सराव संपला की चहाच्या टपरीवर रोज हाच विषय निघतो. कोणी म्हणते, जागेवर क्रीडांगणाचे आरक्षण आहे, तेव्हा प्रश्न मिटलाच; कोणी म्हणते, वस्तीचा विरोध आहे तोवर वीटसुद्धा रचता येणार नाही; आणि जुने खेळाडू विचारतात, उन्हाळ्यात गवताला पाणी कोठून आणणार? तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून मैदानाच्या परवानगीच्या सुनावणीला उभे राहण्याआधी काय काय हाताशी असले पाहिजे, ते येथे क्रमाने लिहीत आहे. माझ्या अनुभवात अशा प्रकरणाचा निकाल मुख्यतः दोन गोष्टींवर लागतो : जमिनीचे कागद आणि शेजाऱ्यांच्या हरकतींना दिलेली उत्तरे. गॅलरी किती हजारांची असावी, ही चर्चा त्यानंतरची आहे.

सर्वांत आधी जागेचा सातबारा उतारा, सिटी सर्व्हे झालेला असल्यास मिळकत पत्रिका, आणि गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढून घ्यावेत. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्यावा, कारण एकाच गटाच्या एका बाजूला क्रीडांगणाचे आरक्षण, दुसऱ्या बाजूला रहिवास विभाग आणि मधून विकास योजनेतील रस्ता, असे हद्दवाढ भागात, म्हणजे नंतर शहराच्या हद्दीत घेतलेल्या भागात, अनेक ठिकाणी आढळते. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करून मोजणीच्या दिवशी आपली चार माणसे जागेवर हजर ठेवावीत. यात कसूर करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जागेसाठी आम्ही हाताने काढलेल्या कच्च्या नकाशावर विसंबून अर्ज केला होता. अर्ज दाखल झाल्यावर एका सकाळी नायलॉनची दोरी आणि चुन्याची पिशवी घेऊन आम्ही मैदान आखायला गेलो. एका टोकाला खुंटी ठोकून १०५ मीटरची दोरी ताणली, तेव्हा दुसरे टोक नाल्याच्या उतारावर, बाभळीच्या झुडपात जाऊन पोहोचले. कॉर्नरचा झेंडा जेथे रोवायचा, तेथे मनगटाएवढी पाण्याची धार वाहत होती. अर्ज मागे घ्यावा लागला आणि दोन वर्षे गेली.

म्हणून मापे प्रत्येकाला तोंडपाठ हवीत. खेळाच्या नियमांनुसार मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. मोठ्या सामन्यांसाठी १०५ बाय ६८ मीटर हे माप सर्वत्र धरले जाते. चारही बाजूंना पाच-पाच मीटर मोकळी जागा सोडली, तर ११५ बाय ७८, म्हणजे ८,९७० चौरस मीटर लागतात. आपल्या हिशेबात हे सुमारे ८९ गुंठे झाले, सव्वादोन एकरांना किंचित कमी. त्यात कपडे बदलण्याच्या खोल्या, स्वच्छतागृहे, प्रेक्षकांच्या पायऱ्या आणि वाहनतळ धरले की चार-साडेचार एकरांखाली काम भागत नाही. जागा तेवढी नसेल तर १०० बाय ६४ मीटरचे मैदानही नियमांत बसते आणि जागेला नाला लागून असेल, तर त्याची हद्दही सुटते. हा पर्याय नकाशावर आखून बरोबर ठेवावा. लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण धरावी, नाहीतर संध्याकाळच्या सामन्यात एका गोलरक्षकाच्या डोळ्यांवर सूर्य येतो. जागा पूर्व-पश्चिम लांब असेल, तर ही अडचण आपणच अर्जात नमूद करावी.

शहराच्या मध्यभागी जागा मिळावी, असा आग्रह काही समर्थक धरतात. क्रिकेटसाठी ओळखले जाणारे पार्क स्टेडियम, होम मैदान आणि सिद्धेश्वर तलाव यांच्या परिसराशी आपल्या सगळ्यांचे नाते आहे. परंतु भुईकोट किल्ला हे केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित असते, त्यामुळे त्या बाजूला नव्या गॅलरीचा विचार सोडून देणे इष्ट. होटगी रस्त्याच्या बाजूला दुसरा प्रश्न आहे. विमानतळाच्या उड्डाणमार्गात अडथळा ठरल्यामुळे सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, हे शहर विसरलेले नाही. प्रकाशझोताचे खांब तीस-पस्तीस मीटर उंच धरले जातात. तेव्हा खांबांच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची काढून विमानतळ प्राधिकरणाचे उंचीबाबतचे ना-हरकत प्रमाणपत्र आधीच मागावे. खांब उभे केल्यावर कापायला सांगितले, तर तो खर्च क्लबला पेलवणार नाही.

आता परवानगीची वाट. आरक्षण आहे म्हणजे जागा आपली, हा समज पहिल्यांदा दूर केला पाहिजे. आरक्षण हे वापराचे असते. जागा महापालिकेची असेल, तर ती भाडेपट्ट्याने देण्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ चे बंधन येते, आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय पुढे जाता येत नाही. आरक्षणात किंवा विभागात बदल हवा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ खाली किरकोळ फेरबदलाची प्रक्रिया होते : नोटीस निघते, हरकती व सूचनांसाठी एक महिन्याची मुदत मिळते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. ही महिन्याची मुदत हातची घालवू नये. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, म्हणून रोज सकाळी जाहीर नोटिशींचे पान वाचण्याचे काम एका माणसाकडे नावानिशी सोपवावे. हरकती जशा येतात, तसे समर्थनाचे अर्जही त्याच मुदतीत देता येतात. पन्नास जणांच्या सह्यांच्या एका अर्जापेक्षा आपापल्या शब्दांत लिहिलेले दहा अर्ज मी अधिक मोलाचे मानतो, कारण त्यांत प्रत्येकाचे कारण वेगळे असते. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन पोच सांभाळावी. एखादा कागद मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा; उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, तेव्हा तो सुनावणीच्या किमान सहा आठवडे आधी गेला पाहिजे.

बांधकामाचा नकाशा डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे परवानाधारक वास्तुविशारदाकडूनच करून घ्यावा. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तरच पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. आपल्या पायऱ्या आणि खोल्या त्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे टपरीवर वारंवार निघणारी ही धास्ती बाजूला ठेवावी. झाडांचे मात्र तसे नाही. जागेवरील प्रत्येक झाड मोजून, छायाचित्रासह यादी करून वृक्ष प्राधिकरणाकडे द्यावी, आणि कडेचा कडुलिंब शक्यतो राखावा. दुपारच्या सामन्याला तीच सावली उपयोगी पडेल.

धीर खचू लागला, तर इंग्लंडमधील ब्रायटनच्या समर्थकांचे उदाहरण आठवावे. त्यांच्या क्लबचे गोल्डस्टोन मैदान विकले गेले आणि तेथील शेवटचा सामना १९९७ मध्ये झाला. दोन वर्षे संघ दूरच्या गिलिंगहॅममध्ये आणि नंतर २०११ पर्यंत एका अॅथलेटिक्सच्या मैदानावर खेळला. फाल्मर येथील नव्या स्टेडियमला २००५ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली. पण शेजारच्या लुईस जिल्हा परिषदेने तिला आव्हान दिले आणि निर्णयपत्रातील एका चुकीमुळे प्रकरण पुन्हा मागे गेले. २००७ मध्ये दुसऱ्यांदा मंजुरी मिळाली आणि २०११ मध्ये स्टेडियम उघडले. त्या काळात समर्थकांनी पत्रे लिहिली, गाणे काढले, स्थानिक निवडणुकीत उमेदवारही उभे केले. त्यांची चिकाटी घ्यावीच. पण एका चुकीच्या वाक्यामुळे दोन वर्षे जातात, हेही मनावर बिंबवावे. अर्जातील गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा तीन वेगवेगळ्या माणसांनी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात.

पाणी आणि माती यांवर स्वतंत्र टिपण हवे, कारण सोलापुरात हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि अधिकारी तो विचारणारच. गवताला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला रोज ३५,७०० लिटर लागते. ज्या शहरात उजनीचे पाणी घराघरांत काही दिवसांच्या अंतराने येते, तेथे पिण्याचे पाणी गवतावर घालू असे म्हणणे गैर आहे, आणि तसे कोणी सुचवले तर मी स्वतः विरोध करीन. मलनिस्सारण केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी टँकरने किंवा वाहिनीने आणता येईल का, याची लेखी विचारणा संबंधित विभागाकडे करावी. पायऱ्यांच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवण्याची टाकी नकाशात दाखवावी. कृत्रिम हिरवळीला पाणी कमी लागते, परंतु मे महिन्यात आपल्याकडचे ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाते तेव्हा ती पायाला भाजते, आणि पडल्यावर गुडघ्याची कातडी जाते. लहान मुलांसाठी मी नैसर्गिक गवताच्याच बाजूचा आहे, मग मैदान थोडे लहान झाले तरी चालेल.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये सरावाच्या पट्ट्यावर पडलेल्या भेगेत माझी मूठ मनगटापर्यंत गेली होती, आणि आदल्या संध्याकाळी आखलेली चुन्याची रेघ त्या भेगेपाशी तुटून खाली गेली होती. त्यामुळे मृदा चाचणीचा अहवाल जोडावा, पायऱ्यांचा पाया त्या अहवालावरून ठरवावा, आणि मैदानाखाली मुरूम, खडी व वाळूचे थर किती जाडीचे, हे छेदचित्रात (उभ्या कापाच्या आकृतीत) दाखवावे. मध्यापासून दोन्ही कडांकडे एक टक्का उतार धरला, तर मधला भाग कडेपेक्षा ३४ सेंटिमीटर उंच येतो. हे पाणी कोणत्या गटारीत सोडणार, तेही लिहावे, कारण शेजारच्या घरात पाणी शिरेल ही हरकत हमखास येते.

शेजाऱ्यांकडे आपण सुनावणीच्या आधी गेले पाहिजे, नंतर नव्हे. शहराच्या पूर्वभागाला लागून असलेल्या वस्त्यांत यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी झोपणारे कामगार आहेत, उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या माता-भगिनी आहेत, दहावीची मुले आहेत. आवाज, गर्दी, गल्लीत उभ्या राहणाऱ्या दुचाक्या आणि अंगणात येणारा चेंडू, या त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. बैठकीचे पत्रक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही छापावे, आणि घरोघरी जाताना त्या भाषा बोलणारे खेळाडू बरोबर न्यावेत. एका मावशींनी मागच्या फेरीत आम्हाला विचारले, "तुमचा सामना संपल्यावर गेटासमोरचा कचरा कोण उचलणार, बाळांनो? मीच ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आता ते लेखी आहे : सामन्यानंतर तासाभरात क्लबचे दहा जण दोनशे मीटरपर्यंतचा रस्ता झाडतील. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा कायदाच आहे. रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपण त्यापुढे जाऊन संध्याकाळी आठनंतर ध्वनिक्षेपक वापरणार नाही, असे हमीपत्र द्यावे. शाळा किंवा रुग्णालय शंभर मीटरच्या आत असेल, तर ध्वनिक्षेपकाचा विचारच करू नये. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या काळात पोलीस आणि वाहतूक यंत्रणा यात्रेत गुंतलेली असते, म्हणून त्या दिवसांत सामना न ठेवण्याचेही लिहून द्यावे.

सुरक्षिततेबाबत काटकसर मला मान्य नाही. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी गॅलरीखाली साचलेल्या कचऱ्याला आग लागली आणि ५६ जणांचा जीव गेला. मागची अनेक दारे बंद होती. मार्च २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात सेव्हन्स (सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल) सामन्याची तात्पुरती गॅलरी कोसळून अनेक प्रेक्षक जखमी झाले. म्हणून बांबू-फळ्यांची गॅलरी नकोच. पक्क्या पायऱ्या थोड्याच असाव्यात, दोन्ही बाजूंना बाहेर उघडणारी दारे असावीत, आणि सामना चालू असताना त्यांना कुलूप लावू नये. अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक उताराचा रॅम्प, महिलांसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि रुग्णवाहिका थेट मैदानापर्यंत येईल एवढे रुंद फाटक, या गोष्टी पहिल्याच नकाशात दिसल्या पाहिजेत.

पैशाचे थोडक्यात सांगतो : क्लबचे नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि देखभालीचा वार्षिक खर्च कोण कसा भागवणार याचे एक पान पुरेसे आहे.

सुनावणीच्या दिवशी सर्वांनी जाऊन घोषणा देण्याने काही साधत नाही. तिघांनी बोलावे : एकाने जमीन आणि नकाशा, दुसऱ्याने पाणी, माती व सुरक्षितता, आणि तिसऱ्याने शेजाऱ्यांच्या हरकती, शक्यतो हा तिसरा माणूस त्याच वस्तीतला असावा. विरोधी बाजू बोलत असताना मधे बोलू नये आणि प्रत्येक मुद्दा वहीत टिपून घ्यावा. मूळ कागद एका फाईलमध्ये, छायांकित प्रतींचे तीन संच वेगळे, मोजणीचा नकाशा घडी न घालता नळीत, आणि बरोबर शिक्क्यासह पोच घेण्यासाठी निवेदनाची जादा प्रत ठेवावी. निघण्यापूर्वी पुढची तारीख लेखी मागावी आणि आवक-जावक क्रमांक क्लबच्या वहीत लगेच चढवावा. आदल्या रविवारी सकाळी साडेसहाला जागेवर जमायचे आहे; दोरी आणि चुना मी आणतो, मोजणीचे दगड शोधून कॉर्नरच्या चारही खुंट्या पुन्हा एकदा ठोकून पाहू.