क्वांटम बॅटरी लॅपटॉपवर नीट चार्ज करायची तर

आधीच सांगतो, ही बॅटरी मोबाईलमध्ये टाकायची नाहीये. अणूसारख्या क्वांटम वस्तूच्या लेव्हलमध्ये ऊर्जा साठवायची, अशी २०१३ मध्ये आलिकी आणि फॅनेस या भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलेली कल्पना आहे, आपण ती पायथनमध्ये क्युटिप (QuTiP, क्वांटम सिम्युलेशनची लायब्ररी) टाकून चालवणार, साधा लॅपटॉप पुरतो, मी इंदूरला भंवरकुआंच्या खोलीत पंख्याखाली बसून केलंय.

एकच क्यूबिट, म्हणजे दोनच ऊर्जा-लेव्हल असलेली क्वांटम वस्तू, घ्या. खालची लेव्हल रिकामी, वरची फुल्ल. माझी पहिली रात्र इथेच गेली, बेसिस(२, ०) मध्ये शून्य आहे म्हणजे रिकामी असणार असं धरून बसलो, पण क्युटिपमध्ये सिग्मा-झेडचा (लेव्हल वरची की खालची हे सांगणारा मॅट्रिक्स) प्लस वन, म्हणजे वरची लेव्हल, तिथेच असतो, म्हणजे बॅटरी आधीच फुल्ल आणि मी चार्ज करतोय तर ग्राफ खाली चाललाय! बेसिस(२, १) पासून सुरू करा भिया.

ओमेगा म्हणजे ड्राइव्हचा, म्हणजे चार्ज करणाऱ्या बाहेरच्या लहरीचा, जोर, १ ठेवा. डेल्टा म्हणजे ड्राइव्हच्या आणि क्यूबिटच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, ती ० करा, हे सगळ्यात आधी, कारण डेल्टा ओमेगाएवढा झाला की कितीही वेळ चालवा, निम्म्याच्या वर चार्ज जातच नाही. आता वेळ ३.१४ (म्हणजे पाय) झाली की बॅटरी फुल्ल, आणि चालूच ठेवलंत तर ६.२८ ला परत रिकामी. चार्ज कमी पडला की लोक ओमेगा वाढवतात, त्याने काम लवकर होतं खरं पण थांबायची वेळ तेवढीच बारीक होते.

वेळेची कटकट नको असेल तर तीन लेव्हल घ्या आणि स्टिरॅप (STIRAP, दोन पल्सने खालून थेट सगळ्यात वर नेण्याची पद्धत) वापरा: वरच्या दोन लेव्हल जोडणारा पल्स आधी, खालच्या दोनचा नंतर, दोन्ही थोडे एकमेकांवर चढलेले. उलटं वाटतं, पण चालतं. फक्त हळू करावं लागतं.

मग क्यूबिटवर परत येऊन सिग्मा-झेडचा नॉइज (बाहेरचा गोंगाट, जो क्वांटम ताल बिघडवतो) टाकून, ड्राइव्ह चालू ठेवून बराच वेळ बघा. ग्राफ निम्म्यावर सपाट होतो, वाटतं चला अर्धी तरी भरली, पण त्यातून काढता येणारी ऊर्जा, म्हणजे एर्गोट्रॉपी, शून्य असते. म्हणून नुसती एनर्जी प्लॉट करू नका, एर्गोट्रॉपीपण काढा.

बरेच क्यूबिट एकाच कॅव्हिटीत (प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या आरशांच्या पोकळीत) टाकले की चार्जिंग जलद होतं, २०२२ मध्ये आरशांमध्ये ठेवलेल्या रंगद्रव्याच्या (डाय) रेणूंवर असं प्रयोगात दिसलंय. पण कोडमध्ये क्यूबिट वाढवताना कपलिंग (क्यूबिट आणि प्रकाश यांच्यातल्या जोडणीचा जोर) क्यूबिटच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून एकदा चालवा, बराचसा फायदा तिथेच गळतो.