शिफारसपत्र देणाऱ्यांचे जर्मन पदनाम अर्जात कसे लिहावे

अमेरिकी विद्यापीठाच्या अर्जात जर्मन प्राध्यापकांचे नाव भरताना 'प्रोफ. डॉ. डॉ. एच. सी.' ('एच. सी.' म्हणजे मानद) ही सगळी माळ नावाआधीच्या रकान्यात कोंबू नये. तेथे 'प्रोफेसर' एवढेच निवडावे आणि हुद्द्याच्या रकान्यात मूळ पदनाम त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे तसेच उतरवावे. खरी अडचण 'प्रिव्हाटडोत्सेंट' या पदाची आहे, कारण पीएचडीनंतरची हाबिलिटेशन ही पात्रता मिळवून अध्यापनाचा अधिकार लाभलेल्या या व्यक्तीकडे प्राध्यापकाची जागा असतेच असे नाही. तिला परस्पर 'असोसिएट प्रोफेसर' करण्याची बढती आपण देऊ नये, 'डॉ.' निवडून मूळ शब्दापुढे एका ओळीचा इंग्रजी खुलासा जोडावा. 'युनियॉरप्रोफेसर' मात्र असिस्टंट प्रोफेसरच्या बरेच जवळ जाते. शंका आल्यास त्यांनाच विचारावे, कारण पत्राखालच्या सहीत एक आणि अर्जात दुसरेच पदनाम दिसता कामा नये.