'झूटोपिया' मुलांना दाखवताना कुठे थांबायचं

मी सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. डिस्नेचा २०१६चा 'झूटोपिया' मी वर्गात आवर्जून दाखवते. शिकारी आणि इतर प्राणी माणसांसारखे एकत्र राहतात अशा शहराची ही गोष्ट. तुम्ही घरी दाखवणार असाल तर आधी सलग बघू द्या, मध्ये एक अक्षर बोलू नका. अगदी लहान मुलं असतील तर जवळ बसा, जग्वार अंगावर धावून येतो तिथे ती दचकतात. चर्चा दुसऱ्या दिवशी, निवडक प्रसंग पुन्हा लावून.

पहिला प्रसंग आइस्क्रीमच्या दुकानाचा. निक हा कोल्हा. कोल्हा आहे म्हणून दुकानदार हत्ती त्याला आइस्क्रीम द्यायला नकार देतो, वर पाटी दाखवतो. मुलं लगेच म्हणतात, "पण तो फसवायलाच आला होता की!" मग विचारा, दुकानदाराला ते माहीत होतं का? त्याने काय बघून नकार दिला? अमेरिकेत काळ्या लोकांना हॉटेलांतून असंच हाकलत, १९६४च्या नागरी हक्क कायद्याने ते बेकायदा ठरलं. इथे आपल्या संविधानाचं कलम १५ काढा. त्यात दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर विहिरी, तलाव आणि स्नानघाटही आहेत. विहिरी का लिहाव्या लागल्या, हे मुलांनाच विचारा. १९२७चं महाड तिथेच सांगून होतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पत्रकार परिषदेला द्या. ज्यूडी ही पहिली ससा-पोलीस. ससा म्हणून तिला आधी पार्किंगच्या पावत्या फाडायला बसवलेलं. पुढे निकच्या मदतीने ती हरवलेले प्राणी शोधते, तर ते हिंस्र झालेले निघतात. त्याबद्दल पत्रकारांशी बोलताना तीच सर्वांसमोर बोलून जाते की शिकारी प्राण्यांचा हिंस्रपणा उपजत असावा. निक तिला विचारतो, मला घाबरतेस? तो अंगावर येण्याचा नुसता आव आणतो आणि तिचा हात कोल्ह्यांना पळवण्यासाठी कमरेला लावलेल्या स्प्रेकडे जातो. चित्र तिथेच थांबवा. ज्यूडी वाईट आहे का? उत्तराची घाई करू नका. मग पुढचं दाखवा: गाडीत वाघ शेजारी बसला म्हणून पोराला जवळ ओढणारी आई, आणि स्वागतकक्षातून तळघरात पाठवलेला गुबगुबीत चित्ता. कायदा बदललेला नाही, तरी त्याची जागा गेली.

नंतर बेलवेदर, शिकाऱ्यांची भीती पसरवून महापौरपद टिकवू बघणारी मेंढी. शहरात शिकारी फक्त दहा टक्के, बाकी नव्वद टक्के घाबरले तर खुर्ची कोणाची पक्की होते? एवढा एक प्रश्न पुरे, मुलं राजकारण बरोबर ओळखतात.

एक पथ्य पाळा. कोल्हा म्हणजे अमुक समाज, मेंढी म्हणजे तमुक, अशी जोडी लावू देऊ नका. सिनेमाचं रूपक इथे लंगडं आहे: त्या जगात शिकाऱ्यांनी एके काळी खरंच इतरांना खाल्लेलं असतं. माणसांमध्ये कोणताही समाज जन्मतः दुसऱ्याचा भक्षक नसतो, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

शेवटी वहीत एक काम द्या. ज्यूडीचं निवेदन नव्याने लिहा, पण तिला त्या क्षणी खात्रीने माहीत होतं तेवढंच: हरवलेले चौदा प्राणी सापडले, सगळे शिकारी, ते हिंस्र झाले आहेत, कारण अजून कळलेलं नाही.