दिवसाआड येणाऱ्या पाण्यासाठी मोबाईलचा गजर

ठरावीक वारी वाजणारा गजर लावणे अवघड नाही. मोबाईलमधील घड्याळाचे ॲप उघडून गजराच्या भागातील अधिकचे चिन्ह दाबावे, वेळ ठरवावी, दिसणाऱ्या वारांच्या आद्याक्षरांपैकी हवी ती निवडावीत आणि गजराला नाव द्यावे. आयफोनमध्ये हेच वार ‘रिपीट’ या पर्यायात असतात. पहाटे तालमीत जाणाऱ्या पैलवानाचे किंवा रविवारी ज्योतिबाच्या डोंगरावर निघणाऱ्या भाविकाचे काम एवढ्यावर भागते.

कोल्हापुरात नळाला दिवसाआड पाणी सुटते, तेव्हा मात्र ही सोय अपुरी पडते. आठवड्याचे वार सात, म्हणजे विषम, असल्यामुळे या आठवड्यात सोमवारी आलेले पाणी पुढच्या आठवड्यात मंगळवारी येते आणि सोमवारचा गजर आपल्याला पहाटे साडेचारला कोरड्या नळापुढे उभा करतो.

यावर उपाय असा, की एकाच वेळेचे दोन गजर करावेत: ‘पाणी १’ला सोमवार, बुधवार, शुक्रवार व रविवार द्यावा आणि ‘पाणी २’ला मंगळवार, गुरुवार व शनिवार. दोहोंपैकी एकच चालू ठेवून दर रविवारी रात्री तो बंद करावा व दुसरा चालू करावा. ही अदलाबदल विसरण्याचीच शक्यता अधिक, म्हणून तिच्यासाठी रविवारी रात्री नऊचा तिसरा गजर लावलेला बरा. दुरुस्तीमुळे पाणी एक दिवस पुढे गेले, तर आठवड्याच्या मधेच गट बदलला तरी पुढचा हिशेब आपोआप जुळतो. चावीवाल्याने वेळच बदलली, तर दोन्ही गजरांत ती बदलावी लागते.

गूगल कॅलेंडरमध्ये ‘दर २ दिवसांनी’ अशी पुनरावृत्ती थेट देता येते, परंतु त्याची सूचना क्षणभर वाजून थांबते आणि मोबाईल सायलेंट असल्यास ऐकूही येत नाही. संध्याकाळच्या पाण्याला ती चालेल, झोपलेल्या माणसाला ती उठवणार नाही.

गजरासाठी वेगळे ॲप घेतले असल्यास अँड्रॉइड १२ व त्यापुढील आवृत्त्यांत सेटिंग्जमधील ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ ही परवानगी दिली आहे का, हे पाहावे आणि त्या ॲपवरील बॅटरी बचतीचे निर्बंध काढावेत. अँड्रॉइडवर गजराचा आवाज रिंगटोनपेक्षा वेगळा ठरवावा लागतो; तो झोपण्यापूर्वी एकदा तपासावा.